कायदेमंडळातील बॅरिस्टर आंबेडकर

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. परंतु लोकप्रतिनिधीचे मोजमाप केवळ मतमोजणीने करू नये, असे त्यांचेच पूर्वचरित्र सांगते.

१९२३ साली मुंबईत वकिली सुरू करणारे हे बॅरिस्टर १९२७ साली मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद झाले. पुढल्याच वर्षी त्यांनी महारवतनासंबंधी विधेयक मांडले. राबणाऱ्यास निश्चित मोबदला मिळावा आणि वतनाच्या जोखडातून सुटण्याची मुभा असावी, हा त्याचा हेतू होता. ते त्यांना अखेर मागे घ्यावे लागले. १९३७ साली निवडून आल्यावर त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. तेही संमत झाले नाही.

तथापि १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनेही संपली. हा दुसरा कायदा पाहावयास बाबासाहेब हयात नव्हते. वकिलीतून राजकारणात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी एवढे ध्यानी धरावे की, न्यायाचा मसुदा नामंजूर झाला तरी वाया जात नाही. मात्र तो कोणीतरी आधी लिहावा लागतो.