सार्डिसच्या थडग्यावरील शापवाणी

दान दिलेल्या जमिनीस कोणी हात लावू नये म्हणून शिलाहार-यादवांच्या काळी गधेगाळ उभारून त्यावर शाप कोरीत, हे पुष्कळांस ठाऊक असेल. तसाच एक शाप आजच्या तुर्कस्तानात एका थडग्याच्या शिळेवर सापडला आणि त्यामुळे एका लोपलेल्या भाषेचा अर्थ लागू लागला. त्याची ही हकीकत.

सार्डिस ही लिडिया देशाची राजधानी. अगदी आरंभीची नाणी पाडणारे हे राज्य इ. स. पू. ५४६ च्या सुमारास इराणच्या सायरस राजाने जिंकले. पुढे तेथे ग्रीक भाषा रुजली व लिडियन भाषा नाहीशी झाली. लेख तेवढे उरले. अक्षरे पुष्कळशी ग्रीक वळणाची, पण अर्थ लागेना.

इ. स. १९१२ मध्ये बटलर यांच्या अमेरिकन पथकास तेथील दफनभूमीत ही शिळा मिळाली. एकच मजकूर दोन भाषांत, आठ ओळी लिडियन व आठ ओळी अरामी. अरामी ही इराणी साम्राज्याची दफ्तरी भाषा विद्वानांस चांगली अवगत होती. सम्राट अशोकाच्या कंदाहार येथील लेखातही ती आहे. लिडियन मजकुराचा आरंभ मात्र तुटलेला.

थडगे सिलुका कुळातील कुमलिसपुत्र मानेस याचे. जो कोणी त्याची नासधूस करील त्याचे अंगण, घर, चीजवस्तू, जमीन व पाणी यांची एफिसस व कोलोए येथील आर्टेमिस देवी धूळधाण करील. वारसदारांचीही सुटका नाही!

एनो लिटमान या जर्मन पंडिताने इ. स. १९१६ मध्ये हा लेख उलगडून प्रसिद्ध केला. भाषा बदलली तरी नावे सहसा बदलत नाहीत. मानेस, कुमलिस, आर्टेमिस ही नावे दोहोंकडे जुळली आणि अक्षरांचे उच्चार पक्के होऊ लागले. अरामीत जेथे घर, तेथे लिडियनमध्ये ‘बिरा’. नावास ‘लि’ जोडला की ‘अमक्याचा’ असा अर्थ होतो, आणि आपल्या चा-ची-चे प्रमाणेच तो पुढील नामानुसार रूप बदलतो.

मौज अशी की, ‘आणि’ या अर्थी लिडियन भाषा शब्दाच्या शेवटी ‘क्’ लावते. संस्कृतातील ‘च’ तो हाच. दोन्ही एकाच मूळ शब्दापासून आलेले. लिडियन भाषा आपल्याच भाषाकुळातील दूरची आप्त ठरली. आजवर तिचे शंभराहून अधिक लेख मिळाले आहेत. त्यांतील कित्येक शब्द अजून अडलेलेच आहेत.