125 वेळा पहिलीच तबकडी

नेमबाजी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्थिरता येते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा घरोघरी लोकांनी पाहिला तो श्वास आवरून पुतळ्यासारखा उभा राहिलेला माणूस. शॉटगनचा खेळ याच घराण्यातला, पण स्वभावाने उलटा. इथे लक्ष्य उडते, बंदूक त्याच्यामागे फिरते आणि फिरत असतानाच चाप ओढायचा असतो. त्यामुळे दमसास आणि एकाग्रता या दोन्ही शब्दांचे नेहमीचे अर्थ इथे पुरत नाहीत.

ट्रॅप हा प्रकार घेऊ. नेमबाजापुढे 15 मीटरवर खंदक असतो आणि त्यात 15 यंत्रे. नेमबाजाने हाक दिली की मायक्रोफोनमुळे यंत्र सुटते आणि चुनखडी व पिच यांच्या मिश्रणाची, 11 सेंटिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची तबकडी बाहेर झेपावते. ती सरळ जाईल की डावी-उजवीकडे 45 अंशांपर्यंत कुठेही, हे आधी कळत नाही. मोकळी सोडली तर ती साधारण 76 मीटरवर जाऊन पडेल. मुरलेला नेमबाज तिला पाऊण सेकंदाच्या आसपास फोडतो. प्राथमिक फेरीत पहिला बार चुकला तर दुसरे काडतूस असते. 25 तबकड्यांची एक फेरी आणि अशा पाच फेऱ्या, मोठ्या स्पर्धांत बहुधा दोन दिवसांत विभागलेल्या: पहिल्या दिवशी 75, दुसऱ्या दिवशी 50.

आता थोडा हिशेब मांडू. पवित्रा घेऊन बंदूक खांद्याला लावल्यापासून निकाल कळेपर्यंत आठेक सेकंद धरले, तर 25 तबकड्यांचे खरे काम 200 सेकंदांचे, म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटांचे. सहा जणांच्या तुकडीची फेरी मात्र वीस मिनिटांच्या आसपास चालते. उरलेला वेळ जातो उभे राहण्यात, चालण्यात, काडतूस भरण्यात आणि दुसऱ्याचा बार ऐकण्यात. ज्याला एकाग्रता म्हणजे वीस मिनिटे ताणलेले लक्ष असे वाटते, तो पहिल्या फेरीतच खर्ची पडतो. लक्ष देता येणे बहुतेकांना जमते. ते सोडता येणे आणि वेळेवर परत आणता येणे, हे ज्याला जमते त्याचाच दमसास टिकतो.

हे नुसते मत वाटू नये म्हणून शक्यतांकडे पाहू. शंभरातल्या 98 तबकड्या फोडणाऱ्या नेमबाजाला 25 पैकी 25 मिळण्याची शक्यता सुमारे 60 टक्के असते. 96 फोडणाऱ्याला तीच शक्यता 36 टक्क्यांवर येते. दोन तबकड्यांच्या फरकाने निम्म्याच्या जवळपास घसरण! पण या गणितात एक गृहीत लपले आहे: प्रत्येक तबकडी सुटी आहे, मागचीचा पुढचीवर परिणाम होत नाही. मैदानावर हे गृहीत आपोआप खरे होत नाही, ते खरे करावे लागते. चुकलेली तबकडी पुढच्या तबकडीतून काही घेऊन जाते, आणि सलग वीस फोडल्यानंतरची एकविसावी ‘आता चुकू नये’ या विचाराने जड होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्लोव्हाकियाच्या झुझाना रेहाक-श्टेफेचेकोव्हाने प्राथमिक फेरीत 125 पैकी 125 तबकड्या फोडल्या. त्यातली प्रत्येक तबकडी तिने जणू पहिलीच असल्यासारखी सोडवली असणार; दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

शरीराचा भाग तुलनेने सोपा आहे, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. बंदूक साडेतीन किलोंची धरली तरी 125 वेळा उचलण्याचे ओझे सव्वाचारशे किलोंच्या पुढे जाते, शिवाय प्रत्येक बाराचा धक्का वेगळा. दमतात ते फुफ्फुसांआधी मान, खांद्यामागचे स्नायू, कंबर आणि मांड्या. मान थकली की गाल दस्त्यावरून किंचित उचलला जातो. डोळा वर सरकला की नळीही वर पाहू लागते आणि छर्रे तबकडीच्या वरून निघून जातात. मांड्या थकल्या की वळणे कमरेतून न होता हातांतून होते, आणि हात मध्येच थांबतात. म्हणून बैठका, प्लँक, मानेचे हलके व्यायाम आणि चढाचे चालणे यांना इथे जागा आहे. पळण्याचा फायदा वेगळा: हृदयाचे ठोके वाढले तरी लवकर खाली येतात. ठोके आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे नेमबाजीत स्पर्धेतच नव्हे, तर स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. औषधाने जे मिळवायला बंदी आहे, ते व्यायामाने मिळवण्यात एवढा आळस का, हे कोडे आहे. पाणी आणि उन्हाचे तर बोलायलाच नको. तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर मे महिन्यात उभे राहिलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

डोळ्यांचे मात्र तपशिलात पाहावे लागेल. कॅल्गरी विद्यापीठातल्या जोन विकर्स यांनी ‘क्वाएट आय’ ही कल्पना मांडली: निर्णायक हालचालीच्या आधी नजर लक्ष्यावर शांतपणे ठरणे. शॉटगनच्या नेमबाजांवर झालेल्या अभ्यासात वरच्या दर्जाच्या खेळाडूंची नजर लवकर ठरते आणि जास्त काळ ठरलेली राहते, असे दिसले आहे. एकूण वेळ पाऊण सेकंदाचा, त्यामुळे ही ‘जास्त काळ’ची वाढ सेकंदाच्या लहानशा अंशाची, पण तीच पुरते. दमलेला डोळा नेमके उलटे करतो: नजर उशिरा ठरते, आणि तो उशीर भरून काढायला हात घाई करतात. म्हणून हाक देण्याआधी खंदकाच्या काठावर टक लावायची नसते. नजर काठाच्या थोडी पुढे, सैल ठेवायची. टक लावली की डोळा त्याच बिंदूला चिकटतो आणि धूसर रेघ तबकडी व्हायला वेळ लागतो. स्कीट या शॉटगनच्या दुसऱ्या प्रकारात तर हाकेनंतर तीन सेकंदांपर्यंत कितीही उशीर होऊ शकतो आणि तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेपाशीच ठेवावी लागते. तिथे नजर ताणली तर ती तिसऱ्या सेकंदाला नेमकी ढिली पडते.

मधल्या वेळाचे काय करायचे? इथे प्रत्येकाचा आपला रिवाज असतो, आणि तो साधा असावा. बार झाला की नळी उघडायची, रिकामे काडतूस बाहेर, नजर जवळच्या एखाद्या कंटाळवाण्या गोष्टीवर, बुटावर वा गवतावर. इतरांच्या तबकड्या मोजायच्या नाहीत. आपल्या पाळीच्या दोन पाळ्या आधी एक लांब श्वास, मग काडतूस, पाय, नजर, हाक. हाकेचा सूर हा चांगला मापक आहे. तो चढला, ताणला किंवा घाईचा झाला, तर थकवा अंगात शिरला असे समजावे; माणसाला स्वतःला तो नंतर कळतो.

सरावात सर्वांत मोठी चूक संख्येची. दिवसाला दोनशे बार काढणारा थकव्यात बार काढण्याचीच सवय लावून घेतो. मी तरी 75 तबकड्या दक्षतेने आणि घरी रिकाम्या बंदुकीने रोज दहा मिनिटांचा उचलण्याचा सराव, हे जास्त मोलाचे मानतो. गुणपत्रिका जपून ठेवावी आणि तिच्याशी बोलावे. चुका प्रत्येक फेरीच्या शेवटच्या पाच तबकड्यांत येत असतील तर दोष बहुधा स्नायूंत किंवा पाण्यात. चुका जोडीने येत असतील, एकामागोमाग एक, तर दोष पहिली चूक सोडून देण्यात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि जोडीच्या चुकांवर बैठका काढत बसण्यात अर्थ नाही. पॅरिसमध्ये अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान यांचे मिश्र स्कीटमधले कांस्य 43-44 असे, एका तबकडीने गेले. अशा वेळी ती एक कोणती होती हे शोधण्यापेक्षा तिच्या पुढच्या तबकडीचे काय झाले हे पाहणे शिकवणारे असते.

मधल्या वेळांतला सर्वांत मोठा म्हणजे पहिल्या दिवसाच्या 75 आणि दुसऱ्या दिवसाच्या 50 यांमधली रात्र. 74 किंवा 75 झालेल्या माणसाला ही रात्र सर्वांत जड जाते, कारण गमावण्यासारखे काही तरी त्याच्या हातात आलेले असते. तो जेवताना उद्याच्या अंतिम फेरीचा हिशेब करू लागतो. जाणते खेळाडू बंदूक पुसतात, उद्याची काडतुसे मोजून ठेवतात आणि गुणफलकाविषयी बोलणाऱ्यांच्या टेबलापासून दूर बसतात. सकाळी खंदकापुढे उभे राहिल्यावर 76 वी तबकडी येते, आणि तिला काल काय झाले ते माहीत नसते.