कोस, मजल आणि दीड तास

पैनगंगेच्या दक्षिणेस, निजामाच्या मुलखाच्या उत्तर सरहद्दीवर वसलेल्या तलमडुगु परिसरात, जेथे तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या, तेथे अंतर मोजण्याचे प्राचीन परिमाण म्हणजे कोस आणि मजल. हैदराबादेहून नागपूर सडकेने सुमारे 500 किलोमीटर, म्हणजे अदमासे दीडशे कोस. दररोज दहा कोस चालणाऱ्या बैलगाडीला पंधरवडा हवा.

1945 साली हैदराबाद संस्थानात डेक्कन एअरवेज स्थापन झाली, आणि आकाशमार्गे जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर भरणारे हेच अंतर डाकोटा विमानाच्या दीड तासाच्या आवाक्यात आले. 1949 पासून तर दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत. स्वतंत्र देशाच्या या योजनेचे कौतुक करावे तेवढे थोडे!

परंतु मधल्या गावांना या वेगाचा लाभ कोठला? कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या बाजारात बैलांच्याच चालीने जात राहिल्या. आणि 1956 साली राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादपासून तुटून नांदेडकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात, गेल्यावर, तलमडुगुच्या मराठी कुटुंबांच्या कित्येक सोयरिकी, कोसांत न वाढताही, परप्रांतात गेल्या.