विक्रोळीची घरे : डागडुजी ते पुनर्विकास

विक्रोळी पूर्वेला द्रुतगती महामार्गाच्या आसपास कन्नमवार नगर आणि टागोर नगर अशा दोन मोठ्या वसाहती आहेत. पहिलीला चांद्याच्या मारोतराव कन्नमवारांचे नाव दिले आहे. ते नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच निवर्तले. दुसरीला रवींद्रनाथांचे नाव आहे. जुनी माणसे मात्र या नावांच्या भानगडीत पडत नाहीत. ‘कुठे राहता?’ म्हटले की ‘हाउसिंग बोर्डात’ असे उत्तर येते. ते बोर्ड १९७७ च्या डिसेंबरात म्हाडात विलीन झाले, तरी बोलण्यातून अजून गेलेले नाही.

या बोर्डाच्या घरांचा इतिहास बहुधा चौरस फुटांत आणि रुपयांत सांगितला जातो. आम्हांला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे घरे ज्या यादीने वाटली गेली ती यादी.

मुंबईत सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून झाली. श्रीपाद तालमकी यांनी घातलेला हा पाया मोठाच होता, पण ती एका ज्ञातीची सोसायटी होती. त्या काळच्या मुंबईत यात वावगे असे कुणाला काही वाटले नाही. पारशांच्या बागा होत्या, बोहऱ्यांचे मोहल्ले होते, कोकणातल्या गावागावांच्या खोल्या होत्या. माणूस शहरात यायचा तो आपल्या माणसांत उतरायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई गृहनिर्माण मंडळाचा कायदा झाला आणि १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली. या योजनेत पात्रता दोनच गोष्टींवर ठरे. माणूस कारखाना कायद्याखाली येणारा कामगार असावा आणि त्याचा पगार ठरावीक मर्यादेच्या आत असावा. अर्जावर धर्म-जात लिहिली तरी घर त्यावर ठरत नसे. मुंबईच्या इतिहासात इतक्या मोठ्या प्रमाणावर, सरकारी कारकुनाच्या हातून, सरमिसळ झालेली वस्ती पूर्वी क्वचितच उभी राहिली असेल.

भांडुपचा सीएट, कांजूरमार्गचा क्रॉम्प्टन आणि रेल्वेला लागून पसरलेले गोदरेज अशा कारखान्यांचा हा पट्टा. त्यांतल्या कामगारांबरोबर बोर्डाच्या वसाहतीत मुसलमानही आले. कुणी खेड-चिपळूणकडचे, कुणी सातारा-सांगलीकडचे. आमचे वडील पहिल्यांतले. जिन्यावर एका बाजूला मालवणी, समोर नगरकडचे, वर एक बौद्ध कुटुंब, खाली गुजराती. ‘मोहल्ला’ हा शब्द आम्ही भावंडांनी ऐकला तो सुट्टीत कुर्ल्याला मामूंकडे गेल्यावर.

ही घरे तशी लहान होती. एक खोली, एक स्वयंपाकघर, मोरी आणि पुढे हातभर गॅलरी, असा सगळा मिळून साधारण दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांचा संसार. बांधकाम सरकारी काटकसरीचे, वर सिमेंटचा स्लॅब. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिवरांचे जंगल, त्यामुळे हवा खारट व दमट. अशा हवेत स्लॅबच्या आतली लोखंडी सळई गंजू लागते. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून सळई फुगते, भोवतीचे काँक्रीट फोडते आणि एके दिवशी छताचे पोपडे ताटात पडतात. वरून नुसता सिमेंटचा गिलावा मारला की दोन पावसाळे निघतात, आत गंज चालूच राहतो. वसाहतीतल्या प्रत्येक घराने हा गिलावा किती वेळा मारला असेल!

खुद्द मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त चाळींना निदान दुरुस्ती मंडळ होते. १९६९ च्या कायद्याने ते आले. उपनगरांतल्या बोर्डाच्या इमारतींना ते लागू नव्हते. पुढे रहिवाशांच्या सोसायट्या झाल्या, इमारत सोसायटीच्या नावे आणि जमीन भाडेपट्ट्याने, असा व्यवहार झाला. म्हणजे मालकी आली आणि तिच्या पाठोपाठ गळणारी गच्चीही आली. मग वर्गणी निघायची. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, बाहेरून पाइप बदलणे. कुणी वर्गणी देई, कुणी ‘आमच्याकडे गळत नाही’ म्हणे. गळायचे नेहमी वरच्या मजल्यावर आणि वाद व्हायचा तळमजल्यावर!

घराच्या आतले नूतनीकरण ज्याचे त्याने केले. मुले मोठी झाली तशी गॅलरी बंद करून तिथे अभ्यासाची जागा झाली. मोरीची भिंत सरकली, ओटा फिरला, कडाप्पा गेला आणि ग्रॅनाइट आले. मोझेकवर नवी लादी बसली, तिच्यावर पंधरा वर्षांनी आणखी एक. स्लॅबवर वाढणाऱ्या या ओझ्याचा हिशोब कुणी ठेवत नव्हते. गवंडी सांगेल ते प्रमाण. आतल्या भिंतींपैकी कोणती भार घेते आणि कोणती नुसती आडोसा आहे, हे ओळखणारा माणूस बोलवायची रीतच नव्हती.

याची किंमत काय असते ते २५ जुलै २०१७ रोजी शेजारच्या घाटकोपरने पाहिले. दामोदर पार्कची साईदर्शन ही चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या बंद केलेल्या प्रसूतिगृहाच्या जागेत नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. गुन्हा दाखल झाला. तीस वर्षांवरील इमारतीच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद महापालिका कायद्यात त्याआधीच होती, ३५३ ब कलमाखाली. घाटकोपरनंतर विक्रोळीतल्या सोसायट्यांतही ती आठवली. सी-१, सी-२ ही धोक्याच्या वर्गवारीची अक्षरे बायकाही पाण्याच्या रांगेत बोलू लागल्या. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडायचीच.

पण मध्ये १९९२-९३ येऊन गेले होते, आणि ते ओलांडून घराचा इतिहास सांगता येत नाही. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाने त्या दोन महिन्यांतल्या ९०० मृत्यूंची नोंद केली, त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू. अनेक मुस्लिम कुटुंबांनी मिश्र वस्तीतले घर मिळेल त्या किमतीला विकले आणि मुंब्र्याची वाट धरली. याच मध्य रेल्वेवर ठाण्याच्या पुढे मुंब्रा पाहता पाहता शहर झाले. आमच्या ओळखीतलेही गेले. नुकत्या लावलेल्या टाइल्स, नवे कपाट, सगळे टाकून गेले. जे राहिले त्यांच्या राहण्याला मोठे तत्त्वज्ञान नव्हते. समोरच्या काकूंनी ‘भाभी, किल्ली आमच्याकडे द्या आणि आत बसा’ म्हटले, आणि आई राहिली. सरकारी यादीने जवळ आणलेली माणसे इतकी तरी एकमेकांची झाली होती. सगळ्याच जिन्यांवर असे झाले नाही, हेही तितकेच खरे.

पुनर्विकासाची भाषा वसाहतीत शिरली ती २००८ साली. म्हाडा वसाहतींसाठी चटई क्षेत्र निर्देशांक अडीच करण्यात आला. म्हणजे भूखंडाच्या अडीचपट बांधकाम करता येणार. त्यातून जुन्यांना मोठी घरे फुकट आणि उरलेली विकून बिल्डरचा खर्च व नफा. दर रविवारी नवा बिल्डर, नवे रंगीत पत्रक, सोबत पेढे. ३ जानेवारी २००९ च्या शासन निर्णयाने सोसायटीने बिल्डर कसा निवडायचा याचे नियम घातले : निविदा, सभा, निबंधकाचा प्रतिनिधी, चित्रीकरण. नियम चांगले होते. सभा मात्र पूर्वीसारख्याच होत.

मग अडथळ्यांची मालिका लागली. वाढीव बांधकामासाठी म्हाडाला पैशांत अधिमूल्य द्यायचे की बांधलेल्या घरांचा वाटा, यावर सरकारचे धोरण बदलले. घरांचा वाटा द्यायचा ठरल्यावर बिल्डरांचे गणित बसेना आणि अर्ध्यावर आलेले करार तसेच पडले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने वाळू उपशाला मनाई केली आणि वाळूचे भाव कडाडले. २०१३ मध्ये निर्देशांक तीन झाला, तरी घरांच्या वाट्याची अट अडखळतच होती. अधिमूल्याचा मार्ग २०१७ मध्ये पुन्हा मोकळा झाला. त्याआधी नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी होऊन गेली होती. रेरा कायदा मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला, त्यानेही पुनर्विकासातल्या मूळ रहिवाशापेक्षा विकत घेणाऱ्या ग्राहकालाच आधी हात दिला. काही इमारतींचे काम जोत्यापर्यंत आले असताना मार्च २०२० ची टाळेबंदी आली. मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी, उत्तर प्रदेशचे सुतार पायी किंवा ट्रकने गावाला निघाले. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने बांधकाम अधिमूल्यात वर्षअखेरपर्यंत निम्मी सवलत दिली, तेव्हा यंत्रे पुन्हा हलली.

लोक सही करायला इतके का कचरत होते, याचे उत्तर वसाहतीच्या आतच होते. कन्नमवार नगरात म्हाडाचे संक्रमण शिबिर आहे. दक्षिण मुंबईतल्या पाडलेल्या इमारतींची माणसे तात्पुरती म्हणून अशा शिबिरांत येतात आणि त्यांतल्या अनेकांचे तात्पुरतेपण वीस-तीस वर्षे चालते. मुलांची लग्ने तिथेच होतात. ‘दोन वर्षांत चावी’ म्हणणाऱ्या बिल्डरपेक्षा या शेजाऱ्यांचे बोलणे अधिक विश्वासाचे वाटे. त्यात गोरेगावच्या पत्राचाळीची हकीकत होती : ६७२ रहिवासी, २००८ चा करार, चाळ पाडली, काम रखडले, भाडेही थांबले. शेवटी २०१८ मध्ये म्हाडाने प्रकल्प आपल्या हाती घेतला. आमच्या सभेत एक म्हातारे गृहस्थ दरवेळी एवढेच विचारायचे, ‘भाडं किती महिन्यांचं आगाऊ देणार?’ त्यांना लोक हसायचे. पण करारनाम्यातले सगळ्यांत मोलाचे कलम तेच होते.

सही झाली, घरे रिकामी करायची वेळ आली, तेव्हा एक वेगळीच अडचण समोर आली. इमारतीतल्या सगळ्यांना सारखेच भाडे, सारखीच अनामत, दलालीचे पैसेही सारखे. इतर बिऱ्हाडे पंधरवड्यात आसपास सोय लावून मोकळी झाली. आम्हां दोन मुस्लिम घरांची शोधाशोध तीन महिने चालली. खोली पसंत पडे, आगाऊ रक्कम ठरे आणि नाव सांगितले की दलाल फोनवर गोड आवाजात म्हणे, ‘मालकाचा भाऊ गावाहून येतोय.’ इतके भाऊ एकाच महिन्यात मुंबईला कसे येत होते, कोण जाणे! कुणी स्पष्ट बोलेल तर तो बरा म्हणायचा. ‘माझं काही नाही हो, सोसायटीचं चालत नाही.’ तीच सोसायटी, तोच सहकार कायदा. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे २३ वे कलम सांगते की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्या सोसायटीचा निदान लेखी नियम तरी होता. आमच्या वाट्याला आलेला नियम कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून त्याला आव्हान कशाला द्यायचे हाही प्रश्नच. ज्या गवंड्यांनी नवा टॉवर उभारला त्यांतले कितीतरी आमच्याच धर्माचे होते. ते पत्र्याच्या शेडमध्ये राहत. त्यांच्याकडे कुणी नाव विचारले नाही.

शेवटी घर मिळाले ते पुन्हा जुन्या यादीमुळेच. वडिलांबरोबर कारखान्यात असलेले एक जण टागोर नगरात राहत. त्यांची खोली रिकामी होती. त्यांच्या सोसायटीत कुरकुर झाली. त्यांनी सेक्रेटरीला सांगितले, ‘चाळीस वर्षं एका पाळीत काम केलंय, आता नाव काय विचारता?’ तिथे आम्ही चार वर्षे काढली. त्यांतली दोन टाळेबंदीने खाल्ली.

नवे घर नियमाप्रमाणे किमान ३५ चौरस मीटरचे असावे लागते, म्हणजे जुन्याच्या जवळपास पावणेदोनपट. स्वतंत्र शयनघर आहे, संडासाची खिडकी बाहेर उघडते, आईला गुडघ्यांमुळे सोडावी लागलेली गच्ची लिफ्टने परत मिळाली. हे सुख लहान नाही आणि त्याला नाके मुरडणारे बहुधा मोठ्या घरांत वाढलेले असतात. पण लिफ्ट, पंप, अग्निशमन, रखवालदार मिळून देखभालीचा मासिक आकडा असा आहे की निवृत्त कामगाराच्या तुटपुंज्या पेन्शनला तो झेपत नाही. बिल्डरच्या ठेवीचे व्याज काही वर्षे पुरेल. काहींनी घर भाड्याने देऊन बदलापूर गाठले. म्हणजे घर सुधारले आणि घरमालक पुढच्या स्टेशनवर गेला.

मजल्यांची वाटणी सोडतीने झाली. चिठ्ठ्या डब्यात टाकून एका लहान मुलीने काढल्या. मालवणी कुटुंब नवव्या मजल्यावर, नगरकर तिसऱ्यावर, आम्ही सातव्यावर, काकूंचा मुलगा आमच्या समोर. काकू ते पाहायला राहिल्या नाहीत. वरचे मजले विक्रीचे आहेत. त्यांची जाहिरात आली तेव्हा जुन्या सभासदांपैकी एकाने सभेत विचारले, की वरची घरे कुणाला विकायची यावर सोसायटीचे काही म्हणणे असावे का. त्या वेळी आमच्याकडे कुणी पाहिले नाही. सेक्रेटरींनी विषयपत्रिकेवर हा विषय नसल्याचे सांगितले आणि पुढचा विषय घेतला. तो पाण्याच्या टाकीचा होता. विक्रीच्या घरांपैकी निम्म्यांवर आता पाट्या लागल्या आहेत. उरलेली बंद आहेत, दलाल माणसे घेऊन येतात, आणि लिफ्टमध्ये आम्ही भेटलो की पत्ता विचारून झाल्यावर हळूच आडनावही विचारतात.