संगणकाला वाचा फुटली

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर लोकांपुढें ठेवला, तेव्हां त्या यंत्राला हिशेब येत होता, लिहितां येत होतें. गातां मात्र येत नव्हतें. पेटींत एक लहानसा स्पीकर होता खरा, परंतु त्याला मिळणारा संदेश ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोनच प्रकारचा. त्यांतून स्वराची नाजूक चढउतार कशी निघावी? चूक झाली कीं पिप् करावें, एवढाच काय तो त्याचा अधिकार! तथापि यंत्र घडविणारांनीं एक दूरदृष्टीची सोय ठेविली होती. मुख्य पाटीवर कांहीं खांचा रिकाम्या असून त्यांत तिऱ्हाइतानें बनविलेलें कार्डहि बसवितां येत असे. साउंड कार्डाचा आरंभींचा सारा इतिहास या रिकाम्या खांचेंत घडला.

त्या खांचेंत संगीताला प्रथम मानाचें स्थान मिळवून दिलें तें कॅनडांतील क्वेबेक शहरच्या मार्तिन प्रेव्हेल यांनीं. हे गृहस्थ मूळचे लाव्हाल विद्यापीठांतील संगीताचे प्राध्यापक. त्यांच्या ॲडलिब कंपनीचें कार्ड १९८७ मध्यें बाजारांत आलें. त्यावर जपानच्या यामाहा कंपनीची एक चिप असे. एका लहरीनें दुसऱ्या लहरीच्या कंपनांना हेलकावे द्यावे व त्यांतून समृद्ध नाद उपजवावा, ही जॉन चौनिंग या अमेरिकन संगीतकारानें शोधलेली युक्ति त्या चिपेंत उतरविलेली होती. नऊ स्वर एकाच वेळीं उमटूं लागले आणि संगणकावरील खेळांना साजेसें संगीत लाभलें. परंतु या वैभवांत एक उणें होतें. चिप यामाहाची, पैसे टाकील त्याला ती मिळे.

हें मर्म सिंगापूरच्या सिम वाँग हू यांनीं ओळखलें. त्यांच्या क्रिएटिव्ह कंपनीचें पहिलें संगीत-कार्ड ॲडलिबपुढें फिकें पडलें होतें. १९८९ मध्यें त्यांनीं ‘साउंड ब्लास्टर’ आणलें. त्यावर तीच यामाहाची चिप बसविल्यामुळें ॲडलिबसाठीं रचलेले खेळ त्यावर जसेच्या तसे गाऊं लागले. शिवाय ध्वनिमुद्रित आवाजहि त्यांतून निघे. हा आवाज अवघ्या २५६ पायऱ्यांत मोजलेला, म्हणजे ओबडधोबडच. पण संगणकांतून मनुष्याचा शब्द ऐकूं येणें ही काय लहान गोष्ट? याला अनुकरण म्हणावें कीं व्यवहारचातुर्य? खरें पाहतां तें दोन्ही होतें. १९९२ मध्यें ॲडलिबचें दिवाळें निघालें आणि त्याच वर्षीं आलेल्या ‘साउंड ब्लास्टर १६’ नें त्या २५६ पायऱ्यांच्या ६५,५३६ केल्या. पुढें इतर कारखानदारांना आपलें कार्ड साउंड ब्लास्टरचें सोंग हुबेहूब वठवितें, असें खोक्यावर छापावें लागे. ज्यानें सोंग घेतलें त्याचेंच सोंग मग जगानें घेतलें.

कार्ड विकत घेणें सोपें होतें. खरी परीक्षा घरीं होई. वीज बंद करावी, अंगांतील स्थिर विद्युत् निघून जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावावा, आणि कार्ड खांचेंत सारखा दाब देऊन बसवावें, येथपर्यंत कोणालाहि साधे. अडे तें पुढें. आवाजाचा एक घास संपला कीं दुसरा मागण्यासाठीं कार्डाला संगणकाच्या मेंदूच्या दाराची घंटा वाजवावी लागे. अशा घंटा मोजक्या, आणि प्रत्येकीला क्रमांक ठरलेला. आरंभींच्या साउंड ब्लास्टरची घंटा ७ क्रमांकाची, आणि नेमकी तीच छपाईयंत्राच्या मार्गालाहि नेमून दिलेली! दोघांचा झगडा लागला म्हणजे पहिलाच शब्द अडकलेल्या तबकडीप्रमाणें पुनः पुनः ऐकूं येई, किंवा सारें यंत्रच गोठून बसे. मग पेटी पुन्हा उघडून, जंपर नांवाची चिमुकली टोपी एका खिळ्यांवरून काढून दुसऱ्यांवर घालावी व घंटा ५ क्रमांकाची करावी. तेवढ्यानें भागत नसे. यंत्र सुरू होतांच वाचल्या जाणाऱ्या ‘ऑटोएक्झेक’ फाइलींत ‘सेट ब्लास्टर’ ही ओळ लिहून, पत्ता २२०, घंटा ५, आणि स्मृतींतून थेट माल आणण्याची वाट १, असें सर्व नमूद करावें लागे. इतकें झाल्यावरहि कित्येक खेळ तेच आंकडे पुनः विचारीत. हा जाच खराच. परंतु त्या निमित्तानें अनेक शाळकरी मुलांना यंत्राचें अंतरंग जितकें कळलें, तितकें पुस्तकांनीं क्वचितच कळविलें असेल.

१९९५ मध्यें ‘विंडोज ९५’ आलें आणि घंटांची वांटणी यंत्र आपली आपण करूं लागलें. १९९७ मध्यें इंटेल कंपनीनें ध्वनीच्या योजनेचें एक प्रमाण ठरवून दिलें. तेव्हांपासून ती मुख्य पाटीवरच येऊं लागली व बहुतेक घरांतून निराळ्या कार्डाची गरज सरली. आज तें घेतात ते चोखंदळ श्रोते आणि संगीतमुद्रण करणारे. त्यांतील पुष्कळांचें कार्ड तर पेटीबाहेर, यू. एस. बी. च्या तारेवर असतें. पेटींत बसवावयाचें असल्यास तें उष्ण चित्रकार्डापासून शक्य तों दूरच्या खांचेंत घालावें. घंटांचा तंटा आतां उरलेला नाहीं, पण पाटीवरचा जुना आवाज आणि कार्डाचा नवा, असे दोन वक्ते यंत्रांत उभे असतात. त्यांपैकीं कोणी बोलावें, हें ध्वनीच्या सेटिंगमध्यें सांगावें लागतें. तसेंच पेटीच्या पुढच्या अंगाला असलेल्या हेडफोनच्या भोंकाची तार मुख्य पाटीला जोडलेली असते. कार्डावर तिची जागा असेल, तर ती तेथें हातानेंच हलवावी लागते. नाहींतर नव्या कार्डाचा स्वर त्या भोंकांतून उमटत नाहीं.