टेबलाचे खण कुठे गेले?

इंडियानापोलिसच्या विल्यम वूटन नावाच्या गृहस्थाने १८७४ साली एका टेबलाचं पेटंट घेतलं. टेबल कसलं, कपाटच ते! पुढचे दोन जाडजूड दरवाजे दोन्ही बाजूंना उघडले की आत शंभराहून अधिक कप्पे आणि खण, आणि मधोमध लिहायची फळी. राष्ट्राध्यक्ष ग्रँट आणि तेलवाला रॉकफेलर यांच्याकडे अशी टेबलं होती. संध्याकाळी फळी वर उचलायची, दरवाजे मिटायचे, कुलूप लावून घरी जायचं. आत किती पसारा आहे हे दुसऱ्याला कळायची सोय नाही.

इतके कप्पे लागत होते कारण तेव्हा आलेली पत्रं घडी करून, वर तारीख-नाव लिहून कप्प्यात कोंबत. पाठवलेल्या पत्रांची नक्कल मात्र वेगळीकडे. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटने १७८० साली नक्कल काढायच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं होतं (इंजिनाच्या नादात हे आपण विसरतो). खास शाईचं पत्र पातळ ओलसर कागदावर दाबायचं, की नक्कल तयार. पुढे या नकला बांधीव वहीत तारखेवार निघू लागल्या. म्हणजे प्रश्न एका ठिकाणी, उत्तर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांची गाठ फक्त कारकुनाच्या डोक्यात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे हजारो रुमाल आहेत. कोणत्या रुमालात काय, हे माहीत असणाऱ्या माणसाचं मोल तिथे काय असेल, ते संशोधकांना विचारा.

मग टाइपरायटर आणि कार्बन पेपर आले. नकला सुट्या, एकाच मापाच्या निघू लागल्या. ज्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, त्याच १८९३ च्या प्रदर्शनात 'लायब्ररी ब्युरो' या कंपनीने कागद उभे ठेवायचं कपाट मांडलं. कंपनी काढणारा मेल्विल ड्युई, तोच तो ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाचा. आज ज्याला आपण फायलिंग कॅबिनेट म्हणतो ते हेच. पत्र आणि उत्तर शेजारी आले. आणि कारकुनाच्या डोक्यात जे होतं ते एका लोखंडी खणात गेलं, जो कोणीही उघडू शकत होता.

इथून पुढे टेबलावर संक्रांत आली. फ्रेडरिक टेलरने कारखान्यात स्टॉपवॉच आणलं होतंच, विल्यम लेफिंगवेलने ते कचेरीत आणलं. त्याचं 'सायंटिफिक ऑफिस मॅनेजमेंट' हे पुस्तक १९१७ चं. त्याचा एक हिशोब प्रसिद्ध आहे: पाण्याचा नळ प्रत्येकापासून सरासरी १०० फुटांवर असेल, तर एका मोठ्या कचेरीतले कारकून नुसतं पाणी प्यायला वर्षाला ५०,००० मैल चालतात. मी गणित करून पाहिलं. हजार माणसं धरली तर प्रत्येकी ५० मैल, ३०० दिवसांत दिवसाला ८८० फूट, म्हणजे जाऊन-येऊन चार-साडेचार फेऱ्या. आकडा अगदी बरोबर आहे. फक्त नळापाशी माणसं एकमेकांशी चार शब्द बोलतात, कामाचेसुद्धा, हे त्या हिशोबात कुठेच नाही.

असल्या विचारांच्या लोकांना खोल खण म्हणजे काम तुंबवून ठेवायची जागा वाटायची. त्यामुळे सपाट, मोकळ्या टेबलांच्या रांगा आल्या. उथळ खण, त्यात पेन्सिल कुठे आणि टाचण्या कुठे हेसुद्धा ठरलेलं, आणि साहेबाने एक नजर टाकली की सगळं दिसणार. वूटनची मोठ्या लोकांची कुलपं गेली, त्यांच्यासोबत साध्या कारकुनाचा आडोसाही गेला. (तेव्हा आगीची भीती खरी होती. पुढे स्टीलकेस झालेल्या कंपनीचं १९१४ चं पहिलं पेटंट लोखंडी कचरापेटीचं होतं, कारण साहेब लोक जळती सिगारेट कागदांत टाकत.)

उलट दिशेने विचार करणारा माणूस निघाला तो रॉबर्ट प्रॉप्स्ट. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी तो मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे संशोधन करायचा. मी पीएचडी केली ती याच गावात, आणि तिथे असताना हे मला कोणी सांगितलं नाही! प्रॉप्स्टचं म्हणणं असं की नजरेआड गेलेलं काम डोक्यातूनही जातं. म्हणून १९६४ च्या 'ॲक्शन ऑफिस'मध्ये उभं राहून काम करायचं उंच टेबल होतं, कागद डोळ्यांसमोर राहावेत अशी मांडणी होती, आणि काही टेबलांना वरून ओढायचं झाकण होतं. संध्याकाळी पसारा आवरायचा नाही, आहे तसा झाकून जायचं, सकाळी झाकण उघडून तिथूनच पुढे सुरू. मला यापेक्षा शहाणं टेबल माहीत नाही. अर्थातच ते फारसं खपलं नाही. महाग होतं.

खपली ती १९६८ ची दुसरी आवृत्ती. हलवता येणाऱ्या भिंती, त्यांना टांगलेल्या फळ्या. प्रॉप्स्टने भिंती मोकळ्या कोनात लावायला सांगितलं होतं, कंपन्यांनी त्या काटकोनात लावल्या, कारण चौकोनात माणसं जास्त मावतात. शिवाय अमेरिकेच्या करकायद्यात फर्निचरचा घसारा इमारतीपेक्षा लवकर लावता येतो, त्यामुळे पक्क्या भिंतीपेक्षा हलती भिंत परवडते. यातूनच क्युबिकल तयार झालं. प्रॉप्स्ट २००० साली वारला. त्याआधी त्याने या खुराड्यांवर जाहीर टीका केली होती.

आमच्याकडेही आता 'क्लीन डेस्क'चा नियम आहे. संध्याकाळी टेबलावर कागद दिसता कामा नये. कारण गोपनीयतेचं देतात आणि ते खोटं नाही. पण अर्धवट सोडवलेलं गणित रोज कुलपात टाकायचं आणि सकाळी पुन्हा मांडायचं, यात जो वेळ जातो तो कोणी लेफिंगवेल मोजत नाही.

एकाने मोजलं नाही, पण पाहिलं मात्र नीट. थॉमस मलोन तेव्हा झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात होता. लोक आपली टेबलं कशी लावतात यावर १९८३ साली त्याने निबंध लिहिला, मोजक्या माणसांच्या खोल्यांत जाऊन. त्याला दोन गोष्टी दिसल्या, फायली आणि ढीग. फाइलला नाव असतं, ढिगाला नसतं. ढीग केवळ आळसातून होत नाही. कागदाला काय नाव द्यावं हे अजून ठरलेलं नसतं, आणि तो समोर दिसला की काम आठवतं. आठवण करून देणं हे टेबलाचं, शोधून देण्याइतकंच, मोठं काम आहे असं त्याने मांडलं. त्याआधी दोनच वर्षं, १९८१ मध्ये, याच झेरॉक्सने 'स्टार' हा संगणक विकायला काढला होता. त्याच्या पडद्यावर टेबलाचं चित्र होतं, आणि त्यावर होती फोल्डरं. सगळी नाव असलेली.

ॲपलच्या मॅकवर २०१८ मध्ये 'स्टॅक्स' आले, पडद्यावर पसरलेल्या फायलींचे ढीग करायची सोय. पण ते ढीग संगणक लावतो, फायलीचा प्रकार, तारीख नाहीतर खूण पाहून. वरचा कागद कोणता, हे तुम्ही ठरवत नाही.