प्रोफेसर लेटन : दारोदारी कोडे असलेले गाव

‘प्रोफेसर लेटन अँड द क्युरियस व्हिलेज’ हा कोडी आणि रहस्यकथा यांची सांगड घालणारा व्हिडिओ गेम आहे. जपानच्या फुकुओका शहरातील लेव्हल-फाइव्ह या कंपनीने तो निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठी तयार केला. जपानमध्ये तो १५ फेब्रुवारी २००७ रोजी विक्रीस आला. त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत फेब्रुवारी २००८ मध्ये, तर युरोपात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दाखल झाली. गोळीबार नाही, शर्यत नाही, उड्याही नाहीत. शांतपणे विचार करणे हीच या खेळातील मुख्य कृती.

पुस्तकातून पडद्यावर

या खेळाचे मूळ एका पुस्तकमालिकेत आहे. चिबा विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेले आकिरा तागो यांनी १९६६ पासून ‘आतामा नो ताइसो’, म्हणजेच ‘डोक्याचा व्यायाम’, ही कोड्यांची मालिका लिहिली आणि ती जपानमध्ये घरोघरी पोहोचली. लेव्हल-फाइव्हचे संस्थापक आकिहिरो हिनो बालपणी या मालिकेचे वाचक होते. २००५ मध्ये निन्टेन्डोच्या बुद्धीला चालना देणाऱ्या खेळांमुळे एरवी व्हिडिओ गेमकडे न फिरकणारी प्रौढ माणसेही डीएस हाती घेऊ लागली. त्या लाटेत हिनो यांनी तागो यांना सोबत घेतले. मात्र नुसता कोड्यांचा संग्रह न करता त्यांभोवती एक कथा गुंफली. २०१६ मध्ये तागो यांचे निधन झाले.

कथा आणि खेळ

लंडनचे पुरातत्त्वज्ञ प्रोफेसर हर्शल लेटन आणि त्यांचा बालशिष्य ल्यूक सेंट मिस्टेर या आडवळणाच्या गावी येतात. तेथील धनाढ्य बॅरन राइनहोल्ड यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलेले असते, की जो ‘सोनेरी सफरचंद’ शोधील, तोच संपत्तीचा वारस. गावातील जो तो मात्र कोड्यांनी झपाटलेला. वाट विचारली तरी आधी कोडे पुढे येते. सुरुवातीला ही निव्वळ खेळाची सोय वाटते. गावकरी असे का वागतात, याचे उत्तर कथेच्या शेवटी मिळते आणि ते येथे न सांगणेच उचित.

खेळात १३० हून अधिक कोडी आहेत. कोडे सोडवताना वरच्या पडद्यावर प्रश्न, तर खालच्या स्पर्शपडद्यावर आकृती दिसते आणि उत्तर स्टायलसने द्यायचे असते. प्रत्येक कोड्याला ‘पिकारट’ नावाचे गुण असतात. उत्तर चुकले तर ते काही अंशी घटतात, पण पुन्हा प्रयत्न करण्यास आडकाठी नसते. प्रत्येक कोड्यासाठी तीन सूचना उपलब्ध असून त्या नाण्यांनी विकत घ्याव्या लागतात. ही नाणी गावातील खिडक्या, पिंपे, झाडे यांत दडलेली असतात. वाटेत राहून गेलेली कोडी एका आजीबाईंच्या झोपडीत जमा होतात, त्यामुळे ती कायमची हुकत नाहीत. कच्चे काम करण्यासाठी पडद्यावर जागा मात्र पहिल्या भागात नव्हती. खेळाडूला कागद-पेन्सिल जवळ ठेवावी लागे. ही उणीव दुसऱ्या भागात दूर झाली.

मागे येण्याची युक्ती

यातील अनेक कोडी जुन्या परंपरेतील आहेत. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात न येता मांडण्याचा प्रश्न १८४८ मध्ये माक्स बेत्सेल यांनी मांडला होता; तोही येथे भेटतो. मराठी वाचकाला अधिक ओळखीचे वाटेल ते लांडगे आणि कोंबडीच्या पिल्लांचे कोडे. तीन लांडगे, तीन पिल्ले आणि दोघांनाच वाहून नेणारा तराफा. तराफा कधीच रिकामा जात नाही आणि कोणत्याही काठावर पिल्लांपेक्षा लांडगे अधिक झाले, की पिल्लांचा फडशा पडतो. वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे जे कोडे आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते, त्याचाच हा भाऊबंद. तेथे शेळीला एकदा परत आणल्याशिवाय गत्यंतर नसते. येथेही किमान ११ फेऱ्या लागतात आणि मध्यावर पलीकडे पोहोचलेला एक लांडगा व एक पिल्लू यांना माघारी आणावे लागते. पुढे जाण्यासाठी मागे यावे लागते, हे मान्य करणे हीच या कोड्याची किल्ली. चुकीच्या उत्तराला थोडा दंड आणि पुन्हा संधी देणाऱ्या या खेळाचा स्वभावही तोच आहे.

भाषेची वेस

तर्कावर उभे असलेले कोडे कोणत्याही भाषेत नेता येते. अक्षरांवर किंवा शब्दांच्या खेळावर उभे असलेले नेता येत नाही. म्हणूनच जपानी लिपी व शब्दांवर बेतलेली काही कोडी इंग्रजी आवृत्तीत बदलावी लागली. मराठीतील श्लेषावर आधारलेल्या कोड्याचे भाषांतर करू पाहणाऱ्याला ही अडचण चांगलीच कळेल. हा खेळ मराठीत आलेला नाही. त्यामुळे तो खेळताना प्रश्न अवघड आहे, की त्याची इंग्रजी, हे मुलांना आधी ठरवावे लागते. अशा वेळी शेजारी बसून प्रश्न मराठीत समजावून सांगणारे घरातील मोठे माणूस तीन सूचनांहून अधिक उपयोगी पडते.

पुढील वाटचाल

पहिल्या भागाच्या यशानंतर डीएस आणि थ्रीडीएस या कन्सोलवर मालिकेचे आणखी भाग निघाले, तर २००९ मध्ये अॅनिमेशनपटही आला. दर आठवड्याला इंटरनेटवरून नवे कोडे देणारी डीएसची सेवा निन्टेन्डोने मे २०१४ मध्ये बंद केली. मूळ कार्ट्रिज आज जुन्या बाजारातच शोधावे लागते; मात्र २०१८ मध्ये मोबाइलसाठी सुधारित आवृत्ती निघाल्यामुळे सेंट मिस्टेरची वाट नव्या खेळाडूंना पुन्हा खुली झाली.